उसन्या नावाची कर्णधार

कोहका, भिलाई
६ नोव्हेंबर २०२३

प्रिय सत्यशीला,

पाकीट पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, कारण हल्ली टपालाने येतं ते एकतर बँकेचं नाहीतर विम्याचं. घरी सगळे खुशाल आहेत. फक्त मी मेले आहे.

फोन का नाही केला, असं विचारशील. आमच्याकडे फोन म्हणजे चावडी. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि तू बोलतेस ती जणू शेजारी स्टील प्लांटचा भोंगा वाजतोय अशा आवाजात. हे प्रकरण स्पीकरवर गेलं तर या वयात मला माहेरी जावं लागेल, आणि माहेरचं क्वार्टर तर बाबा रिटायर झाले तेव्हाच कंपनीला परत केलं.

काल दुपारी एक मुलगी स्कूटी घेऊन दारात आली. नाव भूमिका. विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक. वडील भंडाऱ्याकडचे, त्यामुळे मराठी येतं, पण दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरते. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, आप तो हमारी फर्स्ट कॅप्टन हो! टीमला चाळीस वर्षं होऊन राहिली. नवीन इनडोअर कोर्टचं उद्घाटन तुमच्याच हातून होईल, मैंने सर लोगों को बोल दिया है."

मी म्हटलं, बरं, फीत कापायची ना? तर नाही! फीत-बीत नाही. सगळ्यांसमोर रेषेवर उभं राहून पहिला चेंडू मी रिंगमध्ये टाकायचा. शिवाय दाराशी काळ्या दगडाची पाटी बसणार, तिच्यावर 'प्रथम कर्णधार' म्हणून माझं नाव कोरणार. शिवाय संघाच्या इतिहासाची पुस्तिका निघणार, तिच्यासाठी मी आठवणी सांगायच्या. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांची छाती अशी फुगली की बनियनची शिवण उसवते की काय.

सत्यशीला, मी जन्मात बास्केटबॉल हातात धरलेला नाही. हे जगात आता तुला आणि मलाच ठाऊक. तिसरे संघाचे प्रशिक्षक कमलेश सर, ते बिचारे गेले. बाकीच्या मुली दुसऱ्या कॉलेजांतल्या, त्यांनी तुला पहिल्या दिवसापासून पंचफुला म्हणूनच पाहिलं.

तुला आठवतं ना, तुझ्या बाबांनी, श्यामरावांनी, अर्धी चड्डी घालून मैदानात दिसलीस तर कॉलेज बंद, अशी तंबी दिली होती? आणि ते पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, म्हणून तुझं नाव छापून येणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, पटावरचं दुसरं कुठलंही नाव चालेल. मी म्हटलं, माझं घे. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसं मी नाव दिलं. आमच्या बाबांना, प्लांटच्या कोक ओव्हनवर राबणाऱ्या देवाजीला, वाचता कुठे येत होतं? पण शिफ्टमधल्या कोणीतरी त्यांना बातमी वाचून दाखवली आणि ते आठवडाभर पेपर खिशात घालून हिंडले. "माह्या पोरीनं रायपूरले हरवलं!" त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मग ह्यांचं स्थळ आलं. सासरे म्हणाले, खेळाडू पोरगी हाय, कामाले चपळ राहीन. माझं लग्न जुळलं ते तुझ्या बास्केटांवर, बाई.

घाबरून मी भूमिकेला काहीतरी सांगावं म्हणून सांगून बसले की आमच्या चेंडूच्या टप्प्यांनी सेक्टर ६ दणाणून जायचं. बरोबर आहे ना? लवकर लिही. दुपारच्या टपालाला मी एकटी असते.

तुझी बुडालेली,
पंचफुला


गोंदिया
१० नोव्हेंबर २०२३

प्रिय फुला,

आधी हसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा हसले. आमच्या धनंजयरावांनी विचारलं काय झालं, तर सांगितलं की मैत्रिणीच्या घरी कार्य निघालं आहे. खोटं नाही.

टप्प्याचं बोललीस ते तेवढं निस्तर. आपल्या संघाने टप्पा मारलाच नाही कधी! माझा खेळ आपल्या नावावर घेऊन फिरलीस, निदान एकदा मैदानाकडे फिरकली असतीस.

सेक्टर ६चं ते सिमेंटचं मैदान क्वार्टरांच्या अगदी पोटात होतं. आम्हाला वेळ दुपारची, आणि दुपारी रात्रपाळीवाले बाप झोपलेले. पहिल्याच दिवशी चेंडू दोन-तीनदा आपटला नसेल तोच समोरच्या खिडकीत एक काका बनियनवर उभे. "कावून आपटून राहिल्या वो पोरीहो? रातभर फर्नेसपाशी उभा होतो, मले झोपू द्या!" दुसऱ्या खिडकीतून तेच तेलुगूत, तिसरीतून मल्याळीत. कमलेश सर भला माणूस, भांडणारा नव्हता. त्यांनी नियम केला की चेंडू जमिनीला लावायचाच नाही. ज्या मुलीच्या हातून लागेल तिने मैदानाला फेऱ्या मारायच्या, त्याही अनवाणी, कारण बुटांचा आवाज होतो. मग काय, चेंडू या हातातून त्या हातात. ओरडायचंसुद्धा नाही, नुसत्या भुवयांनी खुणा करायच्या. काही दिवसांनी खिडकीतले काका तक्रार करेनात, उलट झोप मोडून बघत बसायला लागले.

पहिला बाहेरचा सामना खेळलो तेव्हा समोरच्या मुली टप्पा अडवायला वाकून उभ्या, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून चाललाय. आमच्या तोंडून शब्द नाही. त्यांच्या बाईंनी पंचांकडे तक्रार केली की या मुली खेळत नाहीत, काहीतरी करणी करतात. जिंकलो. त्या वर्षी सगळेच सामने जिंकलो, आणि घरच्यांच्या लेखी मी एनएसएसच्या शिबिराला गेले होते.

हे सगळं भूमिकेला सांग. टप्प्याचं विचारलं तर म्हण, मी गंमत केली.

आता चेंडूचं. पाय खांद्याइतके फाकवून उभी राहा. चेंडू बोटांवर धरायचा, तळहातावर नाही. कणकेचा गोळा आणि तो यांत फरक आहे. गुडघे वाकव, जोर पायातून येऊ दे, आणि सोडताना मनगट पुढे पडू दे. डोळे रिंगच्या मागच्या कडेवर. कोण बघतंय, कोण हसतंय, काही नाही. रोज कर.

दगडावर तुझं नाव येतंय ते येऊ दे. मला त्याचं काही नाही.

तुझी,
सत्यशीला


कोहका
२२ नोव्हेंबर २०२३

प्रिय सत्यशीला,

तुला दिवाळीचा फराळ पाठवायचा राहिला, कारण माझे दोन्ही हात कामातून गेले आहेत.

मी ह्यांना म्हटलं, जरा सराव करायला हवा. झालं! चाळीस वर्षं रेल मिलमध्ये फिटर राहिलेला माणूस, त्याला काम मिळालं. सळई वाकवून, वेल्डिंग करून रिंग बनवली आणि मागच्या अंगणात भिंतीला ठोकली. मी म्हटलं, थोडी खाली लावा. तर फीत लावून मोजलं आणि म्हणाले, "धा फूट म्हंजे धा फूट. कॅप्टनले सवलत कायची?" भूमिकेने चेंडू आणून दिला. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "इस उमर में भी प्रॅक्टिस! काकू, मी आमच्या पोरींना सांगते तुमचं."

पहिला चेंडू भिंतीपलीकडे शेजारच्या बेबीताईंच्या लोणच्याच्या बरणीवर गेला. दुसरा माझ्याच डोक्यावर आला. हे खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. मला वाटलं, संपलं, आता कळलंच. तर म्हणाले, "चाळीस वर्षांचा गंज हाय तो. उतरन हळूहळू." बेबीताई लोणचं पुसत भिंतीवरून म्हणाल्या, "राहू द्या वो, एवढ्या मोठ्या खेळाडूचा चेंडू आमच्या घरी आला!" सत्यशीला, लोकांना एकदा काही पटलं की मग डोळ्यांनी दिसलं तरी उपयोग नसतो.

पण आता तो लोखंडाला लागायला लागला आहे. लागला की कसा टणकन आवाज येतो! सुनबाई शिल्पा म्हणते, आई, तुम्ही भाजी चिरतानासुद्धा गुडघे वाकवता.

रात्रपाळीचं सगळं मी भूमिकेला सांगितलं. ती लिहून घेता घेता थांबली नि म्हणाली, ये तो पिक्चर की स्टोरी है. तिने पुढचा इतिहास मला सांगितला, तो तुलाही ठाऊक नसेल. आपल्यानंतर, म्हणजे तुमच्यानंतर, काही वर्षांनी संघ बंदच पडला. मैदानावर लग्नाचे मांडव लागायचे, मधल्या गोलात हलवायाची भट्टी, आणि रिंगेला लायटिंगच्या माळा. नवं राज्य झालं तेव्हा कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं आणि धमतरी, राजनांदगावच्या पोरी गोळा करून पुन्हा संघ उभा केला. बूट मात्र सगळ्यांना पुरत नव्हते. बदली खेळाडू आत जायची तेव्हा आधी बुटांची अदलाबदल व्हायची, आणि पंच शिटी तोंडात धरून लेस बांधून होण्याची वाट बघत उभे. आता या मुलींना बूट आहेत, छत आहे, आणि गेल्या वर्षी त्या विभागात तिसऱ्या आल्या.

पुस्तिका छापायला गेली. तुझा पत्ता मी जुनी विद्यार्थिनी म्हणून दिला आहे, एक प्रत येईल. सांगताना थोडी जुळवाजुळव करावी लागली, ते तू समजून घेशीलच.

तुझी शिष्या,
पंचफुला


(पोस्टकार्ड)

गोंदिया
४ डिसेंबर

पंचफुलाबाईंस,

पुस्तिका मिळाली. छपाई सुबक आहे. त्यात असंही छापलं आहे, "टीम के पानी और तौलियों की व्यवस्था कु. सत्यशीला बड़े उत्साह से देखती थीं." वाचून धन्य झाले.

चेंडू दोन्ही हातांनी टाका. एका हाताने तुम्हाला झेपणार नाही.

सत्यशीला,
टॉवेलवाली


कोहका
८ डिसेंबर २०२३

प्रिय सत्यशीला,

बाई गं, अहोजाहो करू नकोस, त्यापेक्षा चार शिव्या घाल. आणि पोस्टकार्ड कावून टाकलंस? ते ह्यांच्याच हाती पडलं! चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मी देवघराला टेकून खाली बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "पाय बरं, ती टॉवेलवाली बिचारी अजून तुले खेळ शिकवून राहिली. जुन्या लोकायची मायाच वेगळी." मी हसू की रडू?

आता ऐकून घे. भूमिकेने विद्यापीठाच्या कुठल्या तरी कपाटातून संघाचा जुना फोटो शोधून आणला. सगळा काळा पडलेला, पण मधोमध तू उंच उभी, वेणी खांद्यावर, ते मात्र लख्ख. तिने विचारलं, "काकू, ये बीचवाली लंबी कौन है?" माझ्या तोंडून खरं नाव गेलं, सत्यशीला. ती म्हणाली, हे नाव तर संघात नाही, ये क्या करती थी? मी म्हटलं, पाणीबिणी बघायची. "तो इनके हाथ में बॉल क्यूं है?" मी म्हटलं, पुसून ठेवत होती. "और आप?" मी कोपऱ्यातल्या शाईच्या डागावर बोट ठेवलं. तिने तो डाग भिंगातून पाहिला आणि म्हणाली, हां काकू, चेहरा मिलता है.

मला काय माहीत, ती पोरगी ते सगळं छापेल! तू संघ उभा केलास आणि मी तुझ्या हातात टॉवेल दिला. मला झोप येत नाही. अंगणात जाऊन चेंडू मारते तेव्हा जरा बरं वाटतं, आणि मग आणखीच वाईट वाटतं, की हेही तुझंच.

मी सांगून टाकते सगळ्यांना. तू म्हण फक्त.

तुझी,
पंचफुला


गोंदिया
१५ डिसेंबर २०२३

फुला,

राग होता. शाईच्या डागापर्यंत वाचत आले आणि फिसकन हसू फुटलं, मग राग पुरता टिकला नाही. चेहरा मिळतो म्हणाली ना? डागाची माफी माग.

सांगून टाकते म्हणतेस. नको. सुशीलराव या वयात दुसरी बायको कुठे शोधायला जातील? आणि देवाजी काका तो पेपर खिशात घालून हिंडले, ते मी स्वतः बघितलं आहे. माझ्या बाबांनी माझ्यासाठी कधी काही खिशात ठेवलं नाही. तुझ्या बाबांचा तो आनंद मी परत घेणार नाही.

पण तू विचारलंच आहेस तर लिहिते, कारण तोंडाने मी हे कधी बोलायची नाही. मी आधी लिहिलं की मला दगडाचं काही नाही. दगडाचं खरंच नाही. मला वेगळंच सलतं. शेवटच्या वर्षी अंतिम सामन्यात बरोबरी होती आणि मी अगदी कोपऱ्यातून बास्केट टाकली. सगळं मैदान उभं राहिलं. पंचफुला, पंचफुला! मुलींनी मला उचलून घेतलं, तेव्हाही पंचफुला. मी हात वर करून हसत होते आणि मनात म्हणत होते, अरे, एकदा तरी कोणी माझ्या नावाने ओरडा. तीन वर्षं खेळले, फुला. त्या चौकटीत कोणी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. पुढे शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, सत्कार झाले, सगळीकडे माझंच नाव. ते मला एवढं कधी लागलं नाही. माणसाला जिथलं हवं असतं तिथलंच हवं असतं.

साठी उलटल्यावर हा वेडेपणा आहे, हे मला समजतं. लिहून टाकलं, बरं वाटलं. यावर तू काही करायचं नाहीस.

तुझा चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेला लागत असेल तर गुडघे कमी वाकतात, असं समज. उजवीकडे जात असेल तर कोपर बाहेर जातंय.

कार्यक्रमाला मी येते. मागच्या रांगेत बसेन. मला बोलवू नकोस, ओळख करून देऊ नकोस.

तुझी,
सत्यशीला


कोहका
९ जानेवारी २०२४

प्रिय सत्यशीला,

परवापासून फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. कार्यक्रम संपला तशी तू माझा हात नुसता दाबलास आणि ऑटो करून दुर्ग स्टेशनला निघून गेलीस. जेवलीसुद्धा नाहीस. ह्यांनी तुझ्यासाठी मुद्दाम पाटवडीचा रस्सा करायला सांगितला होता. तेव्हा रागावली असशील तर बरोबरच आहे, पण माझी बाजू ऐक.

मी काही करणार नव्हते, देवाशपथ. तू सांगितलं तसं गप्प चेंडू टाकून घरी येणार होते. पण माइक हातात दिला, समोर त्या मुली रांगेने बसलेल्या, आणि सगळ्यात मागे तू पर्स मांडीवर घेऊन. भूमिका हिंदीत म्हणाली की काकू आता पहिल्या संघाबद्दल सांगतील. माझी जीभ आपोआप फिरली. मी म्हटलं, मी कधी खेळलेच नाही. नाव माझं, खेळ त्या मागे बसल्या आहेत त्यांचा. कर्णधार त्या. त्यांचं नाव सत्यशीला. मी फक्त नाव उसनं दिलं होतं.

सांगून झालं आणि मी डोळे मिटले. वाटलं, आता छत कोसळणार. तर काय, टाळ्या! कुलगुरू उठून उभे राहिले. म्हणाले, "देखिए बेटियों, इसे कहते हैं खिलाड़ी! सारा श्रेय अपनी पानी पिलानेवाली साथी को दे दिया!" मी ओरडून सांगितलं, नाही हो, खरंच मी खेळले नाही. तर टाळ्या आणखी वाढल्या. भूमिका रुमालाने डोळे पुसत होती. मी खरं बोलत गेले आणि माझा मोठेपणा वाढत गेला. याच्यावर मी काय करणार होते, तूच सांग.

कुलगुरूच म्हणाले की दोघी मैत्रिणींनी चेंडू टाकावा. तुला हाताला धरून आणलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मग चेंडू तुझ्या हातात आला आणि तू अशी उभी राहिलीस, की मला तो फोटोच दिसला. साडीचा पदर खोचलेला, गुडघे वाकलेले. माइक माझ्याच हातात होता. मी ओरडले, सत्यशीला! भूमिकेच्या मुलींनी उचलून धरलं. सत्यशीला, सत्यशीला! सगळं कोर्ट घुमलं. खुर्च्यांवरची माणसंही उठली.

आणि तू ऐन वेळी मान वळवून मागे पाहिलंस, आणि चेंडू गेला थेट कुलगुरूंच्या हाराच्या तबकात.

मग माझी पाळी. मला काही ऐकूच येत नव्हतं. मागची कड, गुडघे, मनगट. आणि तो गेला, सत्यशीला! कडेला न लागता आत गेला! अंगणात इतक्या दिवसांत असा एकदाही गेला नव्हता. आता सांग, माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? भूमिका म्हणाली, "काकू, झूठ भी ठीक से नहीं बोल पाते आप." घरी येताना स्कूटरवर हे सारखी मान हलवत होते. मला वाटलं, ह्यांना तरी पटलं. कोहक्याच्या चौकात म्हणाले, "एवढा मोठेपणा करायची गरज नव्हती वो. लोकायनं खरं मानलं असतं म्हंजे?"

दगड बसला. नाव माझंच आहे. मी खूप प्रयत्न केला.

तुझा नेम मी ओरडल्यामुळे चुकला, हे मला कळतं. सगळ्यांसमोर तुझी फजिती झाली आणि ती मी केली. फक्त एक सांग. तू मागे वळून पाहिलंस ते कोणाला? मागे तर नुसती भिंत होती.

तुझी अपराधी,
पंचफुला


गोंदिया
१५ जानेवारी २०२४

प्रिय फुला,

मी रागावले नाही. फोन उचलला नाही कारण बोलता आलं नसतं. स्टेशनवर पळाले तेही त्याचसाठी. गाडीत खिडकीशी बसून राजनांदगाव येईपर्यंत रडले, मग डोंगरगडला भजी घेतली आणि गोंदिया येईपर्यंत हसले. समोरच्या बाई विचारत होत्या, घरी काही झालं का? मी म्हटलं, हो, चांगलं झालं.

तुझी बास्केट मी पाहिली. कोपर आत, मनगट पूर्ण पुढे. टपालाने शिकवून एवढी सुरेख बास्केट कोणाकडून करून घेतली नसेल कोणी. सुशीलरावांना काही समजावत बसू नकोस, आता तर तू खेळलेली आहेसच. दगड राहू दे. माझे बाबा असते तर दगडावरचंही वाचलं असतं त्यांनी.

मी मागे कोणाला पाहिलं म्हणतेस, तर ऐक. हातात चेंडू आला, पायाखाली रेषा आली, आणि माझं साठीचं अंग कुठल्या कुठे गेलं. मी पुन्हा तीच झाले. तिथे मी कायम पंचफुला होते, फुला. तिथे तेच माझं नाव होतं. आणि एकदम सगळे ओरडायला लागले, सत्यशीला, सत्यशीला. मला खरंच वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी बोलावत आहेत. एवढ्या प्रेमाने ज्या बाईला हाका मारतात ती आहे तरी कोण, ते बघायला मी वळले.

तुझी,
सत्यशीला